भामाबाईच्या हातांची थरथर

भामाबाई कासारीण सकाळी उठल्याउठल्या पावशेर मारते, अशी आमच्या कळंबात बोलवा होती. पुरावा काय, तर तिचे हात थरथरतात. झालं! तेवढ्यावर गावानं निकाल देऊन टाकला.

आता माझं ऐका. तिची न् माझी भिंत एक. तिच्याकडं दारू आली असती तर वास आधी माझ्या नाकात शिरला असता, आणि वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं मी चौकशीलाही जाऊन आले असते. सकाळी ती घ्यायची ती दम्याची गोळी. गोळी पोटात गेली की छातीतली शिट्टी थांबायची, पण हात थरथरायला लागायचे. दुपारपर्यंत थरथर उतरायची. म्हणून बांगड्या भरायला ती दुपारीच जायची. अंगठ्याचा सांधा असा दाबायची, की जाडजूड हातातसुद्धा बांगडी सुळकन जायची.

शहाण्णव साली गावातल्या बड्या घरच्या हिंदुरावांच्या लेकीचं, रेश्माचं लग्न निघालं. नवरीच्या हिरव्या चुड्यातली एखादी बांगडी भरताना फुटली की अपशकुन. 'फुटली' म्हणायचीही चोरी, 'वाढली' म्हणायचं. तर नवरीच्या आईनं, म्हाळसाबाईंनी फर्मान काढलं, "चुडा सकाळच्या मुहूर्तावरच भरायचा. भामे, हात थरथरणार असतील तर आत्ताच सांग, दुसरी बघतो. पेलेल्या बाईच्या हातनं आमी चुडा भरून घेणार न्हाय."

भामाबाईचं तोंड एवढंसं झालं. या घरानं परत पाठवली की पुढं तिला कोण बोलावणार?

मग म्हाळसाबाईंना दया आली. दया कसली, माझं डोकं अजून तापतं! नवऱ्याच्या ब्लडप्रेशरच्या पाकिटातली एक गोळी काढून म्हणतात, "ह्यांचंबी हात थरथरायचं. हिनं गप्प झालं. घे." गोळ्या म्हणजे काय परसातला कढीपत्ता, शेजारणीला तोडून द्यायला? आणि भामाबाईनं ती घेतली. स्वतःची मात्र त्या सकाळी चुकवली.

हात खरंच स्थिर झाले. रेश्माचा डावा हात हिरवागार झाला, एक बांगडी वाढली नाही. उजवा हात हातात घेतला न् भामाबाईची छाती भात्यासारखी वाजायला लागली. ओठ निळे पडले. आणि भोवतीच्या बाया म्हणतात काय, "बघा, चढली!"

"चढली तुमच्या अकलेला!" म्हणून मी ओरडले. हिंदुरावांच्याच जीपमध्ये तिला घातली न् इंदापूर गाठलं. डॉक्टर करुणाताईंनी ऑक्सिजन लावला, सुई दिली. श्वास जरा ताळ्यावर आल्यावर मी हिंदुरावांच्या गोळीचं सांगितलं, तर त्यांनी आधी मलाच झापलं, मग समजावून सांगितलं.

"मावशी, मारका बैल अंगावर आला तर काय करता?"

"पळते."

"पळायला लागावं म्हणून अंगातल्या काही नसा जाग्या होतात. श्वासाच्या नळ्या रुंद होतात, काळीज धडधडतं, हात कापतात. दम्याची गोळी हेच करते, बैल नसताना. यांना पाहिजे असतो तो श्वास, थरथर नुसती बरोबर येते. हिंदुरावांची ती गोळी त्याच नसांचा हुकूम अडवते. हात गप्प झाले, काळीज गप्प झालं, पण दम्याच्या माणसाच्या श्वासाच्या नळ्याही आवळल्या. जीव गेला असता."

गावात येऊन मी हे घराघरात सांगितलं. बातमी पसरवायला मला कुणी शिकवायला नको. पण दारूची बातमी एका दिवसात वेशीबाहेर गेली होती, ही मात्र दारातच अडखळत होती. एकीनं तर विचारलं, "म्हंजी दवाखान्यात दारू उतरवली व्हय?" काय डोकं आपटावं?

इकडं रेश्मा एक हात भरलेला, एक रिकामा अशी बसून. एकीनं धरलेला चुडा दुसरीनं पुरा करायचा नाही ही आमच्याकडची रीत, त्यामुळं हळद अडली. ज्यांना पेलेल्या बाईचे हात नको होते, त्यांचीच जीप भामाबाईला आणायला गेली.

भामाबाई आली. बांगड्यांची पेटी उघडायच्या आधी तिनं सगळ्यांच्या देखत आपली गोळी पाण्याबरोबर गिळली. थोड्या वेळानं हात थरथरायला लागले. म्हाळसाबाई कासावीस. "भामे, हात हालतोय की गं! एखादी वाढली म्हंजी?"

भामाबाईनं वर बघितलंसुद्धा नाही. रेश्माचा उजवा हात ओढून घेत म्हणाली, "माझा हात हालतोय, कारण माझा श्वास चालतोय. हात गप्प हुता तवा काय झालं ते बघितलंसा न्हवं, वैनी? आता तुमी गप्प बसा."