पळत्या सेनापतीला झेंडूचा हार

अप्पासाहेब दळवींनी उभ्या आयुष्यात कुठल्या गोऱ्यापुढे मान तुकवली नव्हती. आणि आळ आला तो गोऱ्याला हार घातल्याचा.

होळकर दरबारात ते नकाशे काढत. एकदा रेसिडेन्सीच्या साहेबानं गावाची हद्द जराशी सरकवायला सांगितली. अप्पासाहेब म्हणाले, "नाला जिथं वाहतो तिथंच दिसेल." त्यापायी त्यांची बढती गेली. संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झालं, नकाशांचं खातं मोडलं, आणि साठीच्या उंबरठ्यावर ते तिथल्याच एका मराठी शाळेत चित्रकलेचे मास्तर झाले.

दिवाकर त्याच शाळेत मराठी शिकवायचा. नुकताच बी. ए. झालेला. दोघांच्या वयात पस्तीस वर्षांचं अंतर होतं, तरी मैत्री जमली, ती एका चित्रावरून.

गोरे अधिकारी महूची छावणी सोडून गेले तेव्हा त्यांचं सामान लिलावात निघालं होतं. त्यातून अप्पासाहेबांनी जुन्या इंग्रजी चित्रांचा एक गठ्ठा आणला होता. दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, हातानं रंगवलेली व्यंगचित्रं. एकात दक्षिणेतल्या लढाईतला एक ढेरपोट्या इंग्रज सेनापती चिखलातून पळत होता. विजार घसरलेली, टोपी उडालेली, आणि मागे किल्ल्याच्या तटावर आपले शिपाई पोट धरून हसत होते.

"हे आपल्या माणसानं काढलंय?" दिवाकरनं विचारलं.

"छे! त्यांच्याच माणसानं. लढाई चालू असताना. तिथं दुकानाच्या काचेत लावायचे आणि लोक रस्त्यात उभे राहून हसायचे." अप्पासाहेबांच्या आवाजात कौतुक होतं. "आपल्याच सेनापतीला हसायला छाती लागते, दिवाकर."

त्रेपन्न सालच्या स्नेहसंमेलनात त्यांनी या चित्रांचं प्रदर्शन मांडलं.

उद्घाटनाच्या सकाळी शाळेचे चिटणीस नानासाहेब झेंडूच्या हारांची टोपली घेऊन आले. त्यांच्या घराण्याच्या पिढ्या होळकरांच्या लालबाग राजवाड्याच्या चाकरीत गेलेल्या. चष्मा न लावताच त्यांनी एकेका तसबिरीला हार घालायला सुरुवात केली. पळणाऱ्या सेनापतीलाही घातला.

"नानासाहेब, यालाही?" दिवाकरला हसू आवरेना.

"अहो दिवाकरजी, लालबागेत दसऱ्याला भिंतीवरची एक तसबीर उघडी राहत नसे. बिलकुल नाही! मोठी माणसं असतात ती."

दिवाकर हसत राहिला. हार काही त्यानं काढला नाही.

दहा वाजता अप्पासाहेब पाहुण्यांना घेऊन आले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले एक पुढारी. त्या चित्रापाशी येऊन ते थबकले. "ये क्या है? अंग्रेज को माला? इसी दिन के लिए हम जेल गए थे?"

ते पाय आपटत निघून गेले. नानासाहेब मागे वळून म्हणाले, "अप्पासाहेब, हे काय केलंत?"

दिवाकरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची बैठक झाली. दिवाकर शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून तिथं होता. माफीनामा लिहून तयारच होता. 'परकीय राज्यकर्त्यांचा गौरव केल्याबद्दल मी क्षमा मागतो.' फक्त सही हवी होती.

अप्पासाहेबांनी तो वाचला. "चित्र मी लावलं. हार ज्यानं घातला, त्यानं बोलावं."

त्यांनी नानासाहेबांकडे पाहिलं. नानासाहेब पानाचा डबा उघडून सुपारी शोधू लागले. दिवाकर समोरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिला. त्याची नोकरी अजून कच्ची होती.

"सही नाही तर नोकरी नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग नाही," म्हणून अप्पासाहेब उठले.

फाटकापर्यंत दिवाकर त्यांच्या मागून गेला. "मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," अप्पासाहेब म्हणाले. रागावले नाहीत. त्यानं तर दिवाकरला जास्तच लागलं. "अरे, मला गोऱ्यांचा चमचा म्हणतायत! आणि त्या चित्रात गोऱ्याची विजार कुठवर उतरलीय, ते एकानंही बघू नये?"

आठवड्यानं बैठकीच्या इतिवृत्ताची वही दिवाकरकडे सहीला आली. त्यात नानासाहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'श्री. दळवी यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. त्यांच्या हातून घडलेल्या गैरकृत्याबद्दल समिती त्यांना उदार मनाने क्षमा करते.'

उदार मनानं! दिवाकरनं ते वाक्य दोनदा वाचलं. शिपाई दारात ताटकळत होता. "सर, सही करा ना. नानासाहेब रुकले आहेत."

दिवाकरनं पेनाचं टोपण काढलं आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'हे खोटं आहे. श्री. दळवी यांची प्रकृती ठणठणीत आहे. हार चिटणीसांनी स्वतः घातला. मी समोर उभा होतो आणि बैठकीत गप्प बसलो.'

खाली पूर्ण नावानं सही केली. तारीख घातली. मग वही शिपायाच्या हाती न देता तो स्वतःच ती घेऊन नानासाहेबांच्या खोलीकडे निघाला.