नांगराची राखण

सोमवारी फॉर्म द्यायचा होता आणि शनिवार उजाडला तरी बाबांची सही झाली नव्हती. मुंबईहून शिडाच्या होड्यांतून कोकणच्या किनाऱ्याने दहा दिवस जायचं, रोज एखाद्या खाडीत नांगर टाकून होडीतच मुक्काम करायचा, आणि हे सगळं आम्ही पाच मुलींनी. सत्तरच्या दशकातल्या नागपुरात हे घरी सांगणंच मोठं धाडस होतं. आई सरळ नाही म्हणाली. बाबा म्हणाले, "मी पाह्यतो आधी."

पाहायला ते अंबाझरी तलावावर आले. आमचा सराव तिथेच चालायचा. नौदलातून निवृत्त झालेले एक सर होते, त्यांनी दोन जुन्या होड्या मिळवून डागडुजी केली होती. एक मुलींची, एक मुलांची. समुद्रावर जाण्याआधी तीन दिवस तलावाच्या मध्यावर नांगर टाकून राहायचं, दिवसभर जमिनीला पाय लावायचा नाही, असा त्यांचा नियम. स्टोव्हवर चहा करणं, वेणीपासून पातेल्यापर्यंत सगळं बांधून ठेवणं आणि समोरच्या होडीतल्यांशी ओरडून भांडणं, हा आमचा संसार.

बाबा दुपारी छोट्या नावेतून आले. डोक्याला दुपट्टा, हातात डबा, काखेत छत्री. त्यांना पोहता येत नव्हतं हे मला माहीत होतं, पण मी ते कुणाला सांगितलं नाही. मला मिरवायचं होतं. डब्यात पोळ्या आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा होता. जेवणं झाली आणि वारा सुटला.

मे महिन्यातला तो वारा ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना सांगायला नको. काठावरची धूळ उठली, ऊन पिवळं झालं, होडी नांगराच्या दोराला हिसडे देऊ लागली. अशा वेळी प्रत्येक होडीत एकाने नांगराची राखण करायची असते. काठावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरायच्या, त्या रेषेतून सुटल्या तर नांगर गाळातून फरफटतोय असं समजायचं. राखण माझी होती. मी कडुलिंबाचं एक झाड आणि त्यामागची पाण्याची टाकी धरली होती, बाबांनाही ती मिरवत दाखवली होती.

पण होडी एका जागी थांबेल तर शपथ. वाऱ्याने ती डावीकडे झुलायची, मग उजवीकडे. झाड टाकीच्या अलीकडे, मग पलीकडे, मग धुळीत दोन्ही गायब. आता यातलं झुलणं कोणतं आणि सरकणं कोणतं? मी घाबरून गेले. मग मुलांच्या होडीकडे पाहिलं. ती होती तिथेच होती, आमच्यापासून तितक्याच अंतरावर. मला हायसं वाटलं. झाड सोडून मी तिच्यावरच नजर लावली.

बाबा फळीवर बसून काठाकडे पाहत होते. ते मोजणी खात्यात होते. सावनेरपासून भिवापूरपर्यंत शेतांच्या हद्दीचे दगड शोधण्यात त्यांची हयात गेली होती.

"आपण सरकून तं नाही राहिलो?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. ती होडी पाहा ना, तिथंच तं हाये."

त्यांनी त्या होडीकडे पाहिलं, परत काठाकडे पाहिलं, आणि गप्प बसले. तिकडे सर काठावरून पंचा हलवत होते. काय ओरडत होते ते वाऱ्यात कळेना. शाबासकी देताहेत असं समजून आम्हीही हात हलवले.

मग मागून धाडकन आवाज झाला. आम्ही तलावाच्या दगडी बांधावर आदळलो होतो, आणि दहा हातांवर मुलांची होडीही. दोन्ही नांगर एकाच वेगाने फरफटत आले होते. मुलांच्या राखणदारानेही सगळा वेळ आमच्याकडेच पाहिलं होतं, असं मागाहून कळलं. सुकाणू मोडलं. होडी दगडापासून दूर ठेवायला बाबांनी उजवा हात पुढे केला होता. तो हात होडी आणि दगड यांच्यामध्ये सापडला.

सायकलरिक्षातून घरी येताना त्यांनी तो हात दुपट्ट्यात गुंडाळून घेतला होता. मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं. समुद्र संपला, हे मी मनाशी कबूल केलं होतं. आणि रविवारी सकाळी त्यांनी फॉर्म मागितला. सुजलेल्या बोटांत पेन धरून सही केली. आईने विचारलं, "काहून?" त्यावर ते अंघोळीला निघून गेले.

मला काहीच उमगेना. ही परवानगी होती की शिक्षा? का माझ्यावरचा राग इतका मोठा होता की जा, तुझं तू पाहा, असं त्यांना म्हणायचं होतं? सोमवारी सरांनी ती वाकडीतिकडी सही बराच वेळ न्याहाळली. "नक्की वडिलांनीच केली ना?" मी हो म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडू लागले, त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला असावा.

आठ दिवसांनी बाबा मला गाडीत बसवायला स्टेशनवर आले. बोटांना अजून पट्टी होती. गाडी सुटायच्या आत विचारून टाकलं.

"बाबा, त्या दिवशी आपण सरकून राहिलो हे तुम्हाले दिसलं होतं?"

"दिसलं होतं. झाड टाकीच्या पार पलीकडं गेलं होतं."

"मंग पुन्हा काहून नाही विचारलं?"

त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली.

"तू नाही म्हणाली होती ना," ते म्हणाले.

त्या दहा दिवसांत रोज वारा होता. नांगर धरून आहे का, असं कुणी विचारलं की मी आधी उठून काठ पाहायचे आणि मगच उत्तर द्यायचे.