चौदा खुर्च्यांसाठी बुजवलेला चर

मला पावसाची भीती वाटते, हे मी कुणाला सांगत नाही. शिरूर तालुक्यात पावसाला भिणारी बाई म्हणजे वेडीच; इथं लोक आभाळाकडे डोळे लावून बसतात. पण ढग गडगडले की माझी नजर आधी घराच्या पश्चिमेच्या भिंतीकडे जाते. त्या भिंतीशी मी कशी वागले ते मला माहीत आहे.

आमचं घर जुन्या मिशनच्या आवाराला लागून आहे. भिंती दगडमातीच्या, वरून सिमेंटचा गिलावा, म्हणून दिसायला भक्कम. वरच्या शेतांचं पाणी आमच्या अंगणात उतरतं. पप्पांनी पश्चिमेच्या भिंतीलगत एक चर खणला होता, आणि चरातलं पाणी कंपाउंडला ठेवलेल्या भोकातून मागच्या ओढ्याला जायचं. दरवर्षी ईस्टर झाला की ते कुदळ घेऊन चर साफ करायचे. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, आवाज तर दारापर्यंतही पोचेना. काही हवं असलं की डाव्या हातानं स्टीलचा पेला लोखंडी खाटेच्या नळीवर वाजवायचे.

आमच्या अंगणात दर गुरुवारी प्रार्थनासभा भरते. एका गुरुवारी मंडळीतल्या एका मावशींच्या खुर्चीचा पाय चरात गेला आणि ऐन गीतात मावशी आडव्या झाल्या. झालं, सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं. मी चर मुरमानं भरला, वर सपाट कोबा करून घेतला, आणि विंचूकाटा यायला नको म्हणून ते भोकही सिमेंटनं लिंपलं. चौदा खुर्च्या एका रेषेत बसल्या. मंडळी खूश, आणि माझी मान ताठ. पप्पा खाटेशेजारच्या खिडकीतून बघत होते. एवढंच म्हणाले, "पान्याला जागा ठिव." मी नर्स आहे. आजारी माणसाचं बोलणं हसून सोडून द्यायची मला सवय आहे.

परतीचा पाऊस आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कवठे येमाईच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि अर्ध्या तासात अंगणात पोटरीभर पाणी साचलं. ते जाणार कुठं? मी पप्पांच्या खोलीत गेले. त्यांच्या उशाशी, पश्चिमेच्या भिंतीच्या बुडातून, गढूळ पाणी झिरपत होतं. ते पावसाचं पाणी नव्हतं नुसतं. दगडांमधली माती विरघळून बाहेर येत होती.

खाट ओढावी, तर तिचे पाय मीच विटांवर चढवलेले, अंग पुसायला सोपं जावं म्हणून. ओढली असती तर पप्पा खाटेसकट कोसळले असते. शेजारच्या आप्पांना फोन केला. ते शेतात होते. म्हणाले, "ओढ्याला पानी हाय पोरी, वळसा घालून येतो." मी पप्पांना बगलेत धरून उठवायला गेले तर त्यांनी डाव्या हातानं मला ढकललं.

"मला ऱ्हाऊ दे. आधी भोक फोड."

मी त्यांना त्या भिंतीखाली टाकून बाहेर पडले.

पश्चिमेला अंगण चिंचोळं आहे. घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यात जेमतेम एक खाट मावेल. हातात पहार होती, पण भोक कुठं होतं तेच आठवेना. गिलावा इतका सफाईदार, आणि त्यावर मीच हौसेनं रंग दिलेला. मी देवबापाचा धावा करत एका जागी पहार मारली. खिडकीतून काहीच आवाज नाही. दोन पावलं सरकले आणि पेला वाजला. टण्. आणखी थोडी सरकले. टण् टण् टण्. तिथंच मारत सुटले.

मग पेला वाजायचा थांबला.

मी हाका मारल्या. पावसात मलाच माझा आवाज येईना. आत पळावं तर पाणी वाढत होतं, मारत राहावं तर आत काय झालंय कोण जाणे. मी रडत रडत मारत राहिले. शेवटी सिमेंटचा टवका निघाला, मग वीट, आणि पाणी माझ्या पायांमधून ओढ्याकडे धावत सुटलं. तेवढ्यात आप्पा चिखलानं माखून आले. आम्ही दोघं आत धावलो.

पेला खाली गढूळ पाण्यात पडला होता. पप्पा डोळे उघडे ठेवून पडले होते आणि त्यांचा डावा हात मागे वळून भिंतीवर सपाट टेकला होता. आप्पांनी आणि मी खाट उचलून दुसऱ्या खोलीत नेली, तेव्हाच तो हात सुटला. भीती उतरली तशी मी भडकले. पेला का टाकलात, माझा जीव गेला असता, असं काहीबाही त्यांना बोलले.

त्यांनी दम खाल्ला.

"भित्त भाइरच्या अंगाला कलत व्हती," ते पुटपुटले. "तू तिच्याखाली. हात लावून बसलो. हलली आसती, तर हाक मारली आसती."

ते ऐकायला मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला होता.