एका नावाच्या दोन टाचण्या

तीनदा साबण लावला, तरी बोटांचा वास जात नाही. मखमली मुंगी म्हणजे खरं तर गांधीलमाशीच. मादीला पंख नसतात, नराला असतात. म्हणून आमच्या संग्रहालयात दोघं दोन वेगळ्या जाती म्हणून दोन खणांत पडून होती. काल वाळवंटात त्यांच्यातलीच एक जिवंत जोडी जुगताना दिसली.

"जोडीच सापडली की गं!" म्हणत सरांनी विषारी वाफेची बरणी दोघांवर उपडी घातली. आत मादी बराच वेळ चिरचिरत होती.

आज मीच त्यांना टाचण्या टोचल्या, खाली एकच नाव लिहिलं. हात न धुताच जेवणाचा डबा उघडत सर म्हणाले, "चला, चूक सुधारली."

त्या दोघांनी एकमेकांना बरोबर ओळखलं होतं. आम्हाला पटावं म्हणून ती दोघं मेली.