थोरल्या जाऊबाईंनी मोटार पारखली

मैत्रिणींनो, शाळेच्या फाटकाशी मोटार थांबली की आपण सगळ्या खिडकीशी धावायचो, आठवतं? आज तशीच एक आमच्या किन्हीराजा गावी, घराच्या अंगणात उभी होती. वाशीमच्या डॉक्टरांची जुनी, चिमुकली बेबी मोटार. पसंत पडली तर आम्ही घेणार होतो.

आमच्या यांनी टायर, इंजिन पाहिलं. पण आमच्याकडे बैलजोडी पारखतात त्या थोरल्या जाऊबाई. कंबर धरल्यापासून त्यांना बैलगाडीचे हादरे सोसत नाहीत, म्हणून इंझोरीला दिलेली लेक कित्येक महिन्यांत भेटलेली नाही.

त्या मोटारीभोवती फिरल्या. बैलाच्या पाठीवर मारावी तशी टपावर थाप मारली. मग पुढच्या पत्र्यावर हात ठेवून डॉक्टरांवर रागावल्या, "काहून जी, इतकी दमवून आणली? आंग तापून राह्यलं तिचं! पाणी तरी पाजलं काय?"

मी पदराआड हसले. डॉक्टर म्हणाले, "बरी आठवण केलीत." मोटार जरा निवल्यावर त्यांनी झाकण उघडून तांब्याभर पाणी ओतलं. ती घटाघटा प्यायली.

"अवो माय, हे तं पेते!" जाऊबाई थक्क. खरं सांगते, मीसुद्धा.

मग आम्ही दोघी आत बसलो, डॉक्टर चालवायला. गावाबाहेरच्या खडकाळ उतारावर मी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनीच तो सोडवला.

"दुखत नाही व," त्या हळूच म्हणाल्या. आणि डॉक्टरांना, "आता वापस कायले वळवता? इंझोरीले चला!"

इंझोरी आज राहिली, पण मोटार घ्यायची, हे तिथेच ठरलं. तुमच्यापैकी कोणाकडे अशी छोटी मोटार आहे का ग? काळ्या मातीच्या चिखलात ती निभावते का, तेवढं कळवा. त्या लेकीला आता आणखी वाट पाहायला लावायची नाही.