राखेनं घासलेले चिमटे

भिलाईत कारखान्याची बांधणी चालू होती तेव्हा मी एका ठेकेदाराच्या दवाखान्यात नर्स होते. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन लांब खोल्या, एक पुरुषांची आणि एक बायकांची. पायावर लोखंड पडलेले, खिळा घुसलेले, वेल्डिंगनं भाजलेले कामगार रोज यायचे. दोन्ही खोल्यांची व्यवस्था माझ्याकडे होती. मला याद्या करायची सवय होती, अजून आहे.

एका उन्हाळ्यात पुरुषांच्या खोलीत जखमा चिघळायला लागल्या. टाके घातले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पू. डॉक्टरांनी विचारलं, "हत्यारं कोण धुतं?"

पुरुषांकडची हत्यारं धुणारी आमची कामाची मावशी, भंडाऱ्याकडची, पन्नाशीची. खुर्सीपारच्या बाजूनं चालत यायची.

"सोमवारपर्यंत तिच्याविरुद्ध लिहून द्या. दुसरी बाई ठेवू."

हे मावशीच्या कानावर गेलं. चिमट्यांचा ट्रे घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, मी घाण ठेवतो का वो? पाहा, तोंड दिसते याच्यात. हे काम गेलं तर मले गावाले वापस जा लागते. तिथं माहं कोन आहे?"

तोंड खरंच दिसत होतं. पुराव्याशिवाय लिहायचं नाही म्हणून मी आधी यादी केली: खाट, जखम, टाके कधी घातले, पू झाला का, हत्यारं कोणत्या खोलीतली. यादी भरली तेव्हा उलटंच निघालं. बायकांच्या खोलीतली आया आळशी म्हणून प्रसिद्ध होती. ती हत्यारं साबणाच्या पाण्यातून काढायची आणि उकळायला टाकायची, बस. तिचे चिमटे पांढुरके, मळकट दिसायचे. पण तिच्याकडच्या जखमा भरत होत्या. गर्दीच्या दिवशी पुरुषांपैकी दोघांना तिकडच्या हत्यारांनी टाके घातले होते, तेही बरे होऊन गेले होते.

धातूंची तपासणी करणारे एक नागपूरचे साहेब आमच्याकडे बोटाची पट्टी बदलायला येत. दोन्हीकडचा एकेक चिमटा उकळून, कागदात गुंडाळून मी त्यांना दिला. दोन दिवसांनी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितलं. मळकट चिमट्यावरचा निकेलचा थर शाबूत होता. चकचकीत चिमट्याच्या दातांवर तो खरवडून गेला होता. खालचं पोलाद उघडं पडलं होतं, त्यात गंजाचे बारीक खड्डे होते आणि खड्ड्यांत काळं काहीतरी अडकलं होतं.

"हे घासता कशानं, सिस्टर?"

"राखेनं. कधी विटेच्या भुकटीनं."

"चिमटा आहे हो, पितळेची घागर नाही." ते हसले. "खड्ड्यात रक्त वाळून बसतं, त्याच्या आड जंतू. मग उकळूनही सगळे मरतीलच असं नाही. शिकवलं कोणी हे?"

शिकवलं मीच होतं. रुजू झाले त्याच महिन्यात काळपट चिमटे पाहून मी मावशीला चारचौघांत विचारलं होतं, "घरची भांडी अशीच ठेवता का?" आमच्याकडे बाईची पारख मांडणीवरच्या भांड्यांवरून होते. ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी ती घरून राख घेऊन आली, आणि मी शाबासकी दिली.

सोमवारी मी एक पान लिहून दिलं. यादी जोडली, साहेबांनी काय दाखवलं ते लिहिलं, नवी हत्यारं मागितली. शेवटची ओळ होती: घासण्याची सूचना माझी होती.

डॉक्टर म्हणाले, "ही ओळ नसली तरी चालेल. वरच्यांनी वाचली तर तुम्हालाच विचारतील."

"नसली तर राख तिनं आणली एवढंच वाचतील."

त्यांनी पान पुन्हा वाचलं आणि सही केली. मला वरून एक ताकीदपत्र आलं. मावशीचं काम राहिलं.

मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. यापुढे राख नाही, साबण आणि मऊ ब्रश. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तं मले इतके दिवस कावून घासाले लावलं?"

"चुकलं माझं, मावशी."

तिनं ट्रे उचलला आणि मोरीकडे गेली. त्यानंतर आठवडाभर कामापुरतंसुद्धा ती माझ्याशी बोलली नाही. काही सांगायचं असलं तर त्या आळशी आयेच्या हाती निरोप पाठवायची.