शून्य सेकंदाला

सांगलीला इंजिनिअरिंगला असताना मी एकाच माणसावर जळायचो, माझ्या रूम पार्टनरवर. मी वाईजवळचा, घरचा ऊस, साताऱ्यात क्लास लावून शिकलेला. तो जत तालुक्यातला, घरी मेंढरं. गणित माझं त्याच्यापेक्षा पक्कं होतं. तरी सर्किट शिकवताना बाई विचारायच्या, "स्विच दाबायच्या क्षणी कपॅसिटरवर किती व्होल्ट?" मी शून्य धरून गणित सोडवायला लागायचो आणि हा मागून म्हणायचा, "आवं बाई, पर त्याच्या आधी काय हुतं?" बाई खूश. माझा तिळपापड.

त्याचा मामा बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचा. तिथली एक सवय यानं लॅबमध्ये आणली होती. कपॅसिटर हातात घेतला की आधी स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही टोकं जोडायची, आत उरलेला चार्ज काढून टाकायचा, मगच काम. "झाली का आरती?" असं मी सगळ्यांदेखत विचारायचो.

"लाईट गेली म्हंजी ह्यो रिकामा झाला, आसं नसतंय गड्या," तो हसून म्हणायचा.

वार्षिक प्रॅक्टिकलला काही करून मला त्याच्या पुढं जायचं होतं. शेजारशेजारची टेबलं, प्रयोग एकच: कपॅसिटर चार्ज होताना दर दहा सेकंदांनी व्होल्टेज लिहायचं. आधीच्या बॅचनं वापरलेलं सामान तसंच पडलेलं. मी मान खाली घालून सूत्रं लिहीत होतो. इतक्यात परीक्षक त्याच्यावर ओरडले, "जागा का सोडलीस? एक मार्क गेला." मला आतून लय बरं वाटलं.

मग मी स्विच दाबला. आलेख बरोबर शून्यापासून निघाला.

"सुरुवातीला शून्यच होतं कशावरून?" परीक्षकांनी विचारलं.

"मी डिस्चार्ज केला होता, सर." बेधडक ठोकून दिलं.

मी पहिला आलो, तो एका मार्कानं दुसरा. निकालादिवशी वडापावच्या गाडीवर मी मुद्दाम खोचक विचारलं, "परीक्षेत उठून कुठं हिंडत होतास रं?"

"तुज्याच टेबलावर. तू लिवत हुतास, इसरशील म्हटलं. रिकामा करून आलो."

आभार मानायला हवे होते. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला त्याचा आधीपेक्षा जास्त राग आला. पहिला नंबर तेवढा माझा होता, आणि तोही त्यानंच दिलेला.